साताऱ्याहून पुण्यापर्यंत अकरा महिने : ॲनोरेक्सियावरील कुटुंबाधारित उपचारसेवेचे परीक्षण

आमच्या मुलीला चौदाव्या वर्षी ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा खाणे कमी करत करत शरीराची उपासमार होण्याचा आजार झाला आणि त्यासाठी आम्ही अकरा महिने साताऱ्याहून पुण्यातील एका खासगी केंद्रात जात होतो. मुलीला खाऊ घालण्याची जबाबदारी पालकांवर सोपवणाऱ्या पद्धतीची जी सेवा तेथे ‘कुटुंबाधारित उपचार’ या नावाने मिळाली, तिचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण त्यावरून मुलीची ओळख पटू शकते. मुलीचे वजन किंवा तिच्या खाण्याच्या मोजमापाचे आकडेही मी लिहिणार नाही; हा आजार असलेली मुले असे आकडे वाचून स्वतःशी ताडून पाहतात, हे मी घरातच अनुभवले आहे. हा मजकूर तिने वाचला असून दोन परिच्छेद तिच्या सांगण्यावरून मी काढून टाकले आहेत.

सुरुवात नवरात्रातील उपवासापासून झाली. नऊ दिवस संपले तरी उपवास संपला नाही. पुढे एकादशी आली, मग गोड बंद झाले, मग तेल-तूप, आणि दिवाळीपर्यंत ती पोळीचा पापुद्रा सुटा करून खाऊ लागली होती. आमच्याकडे उपवास करणाऱ्या मुलीचे कौतुकच होते, त्यामुळे कोणी हटकले नाही. उलट लग्नकार्यात भेटलेल्या बहुतेक नातेवाइकांनी ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ असेच म्हटले. पाळी थांबली तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून घरी पाठवले. पोट सतत गच्च वाटते, असे ती सांगत असल्यामुळे त्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्याही दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी पाळी येण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. पाळी आली आणि आम्ही निश्चिंत झालो. गोळ्यांमुळे होणारा रक्तस्राव हे प्रकृती सुधारल्याचे लक्षण नसते आणि हाडांची झालेली झीज त्याने भरून येत नाही, हे आम्हाला फार उशिरा समजले. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र तिला झोपवून नाडी मोजली, उभे करून पुन्हा रक्तदाब घेतला, ईसीजी काढला आणि त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करण्याचा सल्ला दिला. रिपोर्ट नॉर्मल असूनही नाडी पन्नासच्या खाली जाऊ शकते आणि तो धोक्याचा इशारा असतो, हे पहिल्याच भेटीत कोणी सांगितले असते तर आमचे पाच महिने वाया गेले नसते.

रुग्णालयातील नऊ दिवसांनंतर आम्ही केंद्रात पोहोचलो. पहिल्या भेटीला आई, वडील आणि घरातील भावंडे अशा सर्वांनी यायचे, असा तेथील नियम आहे. आमच्या मनात एकच प्रश्न होता : आमचे काय चुकले? मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो प्रश्न आम्ही विचारण्याआधीच घेतला. हा आजार पालकांमुळे होतो याला पुरावा नाही, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले आणि मुलगी समोर बसलेली असताना सांगितले. विसाव्या शतकात बराच काळ अशा मुलींच्या आईला अतिकाळजी करणारी आणि वडिलांना अलिप्त ठरवून मुलीला घरापासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला जात असे. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ॲकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्सने, २०१० मध्ये कुटुंबाला आजाराचे मुख्य कारण मानणारी भूमिका ठामपणे नाकारली. परंतु आपल्याकडे अजूनही ‘घरात काही ताण आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो आणि त्याच्या आवाजातच उत्तर दडलेले असते. पत्नीने त्या पाच महिन्यांत स्वतःला जे दूषण लावले होते ते त्या एका तासात पुसले गेले नाही, पण तिची मान वर झाली. या सेवेला मी जे गुण देतो त्यातील मोठा वाटा या पहिल्या तासाचा आहे.

केंद्राने आम्हाला कारणांविषयी जे समजावले ते चांगल्या प्रतीचे होते, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. २०१९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात एक मोठा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ॲनोरेक्सिया झालेल्या सुमारे १७,००० व्यक्तींची तुलना हा आजार नसलेल्या सुमारे ५५,००० व्यक्तींशी केली होती आणि जनुकसंचात आजाराशी निगडित अशा आठ जागा सापडल्या. अपेक्षेप्रमाणे चिंता, नैराश्य आणि मंत्रचळ (ओसीडी) यांच्याशी त्यांचा संबंध दिसला. परंतु शरीरातील चयापचयाशी, साखरेच्या आणि चरबीच्या वापराशीही तो दिसला. त्यामुळे हा केवळ मनाचा आजार नसून मन आणि चयापचय या दोन्हींचा आहे, असे या अभ्यासाचे नेतृत्व करणाऱ्या सिंथिया ब्युलिक आणि त्यांचे सहकारी मांडतात. हा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला होता, हे बाईंनी आपण होऊन सांगितले, आणि एखाद्या मुलीला आजार होईल की नाही हे जनुके पाहून सांगता येत नाही, हेही सांगितले. माझ्या एका आत्याला घरात ‘वाऱ्यावर जगणारी’ म्हणत. ती तिशीतच गेली. तिला काय झाले होते हे आता कोणीच ठरवू शकत नाही, पण त्या दिवशी परतताना खंबाटकी घाट उतरेपर्यंत मी तिच्याविषयीच विचार करत होतो.

दुसरी गोष्ट उपासमारीची. १९४४–४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने प्रयोगात उतरले होते. २४ आठवडे त्यांना इतके कमी अन्न दिले गेले की त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक जेवण तासन्‌तास लांबवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली. आमची मुलगी रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर केक करण्याचे व्हिडिओ पाहत असे, सर्वांना आग्रहाने वाढत असे, स्वतःच्या भाकरीचे मात्र नखाएवढे तुकडे करत असे आणि एप्रिलमध्ये स्वेटर घालत असे. यांतील बऱ्याच गोष्टी आम्ही तिचा स्वभाव किंवा हट्ट समजत होतो, पण ती भुकेल्या मेंदूची लक्षणे होती. म्हणून आधी मन मोकळे करू, कारण शोधू, मग ती आपोआप खाऊ लागेल, हा क्रम येथे चालत नाही. अन्न आधी पोटात गेल्याशिवाय त्या मेंदूशी बोलणेच होऊ शकत नाही. संपूर्ण उपचार याच समजुतीवर उभा आहे आणि अकरा महिन्यांनंतर मला ती पूर्णपणे पटलेली आहे.

समाजाचा वाटा नाही असेही नाही. फिजी बेटांवरील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला; संशोधक ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुलींचे प्रमाण शून्यावरून ११.३ टक्क्यांवर गेलेले आढळले. केंद्राने हे सांगितले, पण सारा दोष मोबाइलवर टाकून विषय संपवला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. हाँगकाँगमधील मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की तेथील अनेक रुग्णांना लठ्ठ होण्याची भीती वाटतच नव्हती. पोट फुगते, भूक नाही, अशीच कारणे त्या देत. आमच्या मुलीनेही सुरुवातीला ‘जाड होईन’ असे एकदाही म्हटले नव्हते. उपासमारीत जठर रिकामे होण्याचा वेग खरोखरच मंदावतो, त्यामुळे पोट गच्च वाटणे हा बहाणा नसतो. तक्रार खरी असते, तिच्यावर ॲसिडिटीची गोळी देणे चुकीचे असते.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. ही पद्धत लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात घडली. जेराल्ड रसेल, क्रिस्टोफर डेअर आणि आयव्हन आयस्लर यांच्या गटाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत असे दिसले की ज्यांचा ॲनोरेक्सिया १९ व्या वर्षाआधी सुरू झाला आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना कुटुंबासह दिलेल्या उपचाराचा अधिक लाभ झाला. पुढे अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ले ग्रेंज यांनी तिची टप्प्याटप्प्याची मांडणी केली. त्यांनी २०१० मध्ये १२ ते १८ वयोगटातील १२१ मुलामुलींवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार उपचार संपल्यानंतर एका वर्षाने कुटुंबाधारित उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के पूर्ण बरे म्हणण्याजोगे होते. एकट्या रुग्णाशी केलेल्या संवादोपचारात हे प्रमाण २३ टक्के होते. निम्म्यांच्या बाबतीत हा उपचार पुरा पडला नाही, असाही त्याचा अर्थ होतो. केंद्राने हे लपवले नाही.

दुसऱ्या भेटीला जेवणाचा डबा घेऊन यायचे असते. उपाशी मुलीला सावरण्यासाठी तुम्हाला जे योग्य वाटेल ते आणा, एवढीच सूचना होती. आम्ही दोन पातळ पोळ्या, मटकीची कोरडी उसळ, काकडी आणि वाटीभर ताक नेले. बाईंनी डबा पाहिला आणि शांतपणे विचारले, “हे तुम्ही तिच्या प्रकृतीकडे पाहून भरलंत, की ती काय खायला तयार होईल ते पाहून?” आम्ही दोघेही गप्प राहिलो. महिनोन्‌महिने घरातील स्वयंपाक आजाराच्या परवानगीने चालला होता आणि ते आमच्या लक्षातही आले नव्हते. मग बाहेरून तूप आणि भात मागवला गेला. तिने खावे म्हणून बाई स्वतः एक शब्द बोलल्या नाहीत; आम्हा दोघांना तिच्या दोन्ही बाजूंना बसवून काय बोलायचे, काय नाही, हे सांगत राहिल्या. विनवणी करायची नाही, आमिष दाखवायचे नाही, वाद घालायचा नाही. ‘अजून एक घास’ एवढेच म्हणायचे. ते जेवण एक तास पन्नास मिनिटे चालले. ती रडली, मला नको नको ते बोलली, आणि ठरल्यापेक्षा एक घास अधिक खाऊन उठली.

पहिला टप्पा सर्वांत अवघड असतो. दिवसातून तीन जेवणे आणि तीन वेळा मधले खाणे, सर्व पालकांनी ठरवायचे, वाढायचे आणि संपेपर्यंत शेजारी बसायचे. पत्नी शिक्षिका आहे. तिने दोन महिने बिनपगारी रजा घेतली. मी बँकेत आहे. सकाळचे आणि रात्रीचे जेवण माझ्याकडे होते आणि मधल्या सुट्टीत पत्नी शाळेत जाऊन बसत असे. आमच्या घरात तोवर मी कधी कोणाला वाढले नव्हते. वडिलांनीही ताटाशी बसलेच पाहिजे, हा केंद्राचा आग्रह मला सुरुवातीला जाचला, पण आता तीच गोष्ट सर्वांत योग्य वाटते, कारण एकट्या आईला आजार सहज थकवतो. या काळात ताट आपटले गेले, तुळशीच्या कुंडीत लाडू सापडले, पाहुण्यांसमोर शोभा झाली. ज्यांना हा उपचार घ्यायचा आहे त्यांनी हे आधीच गृहीत धरावे.

चौथ्या भेटीपर्यंत वजन सुमारे सव्वादोन किलोंनी वाढले तर पुढे बरे होण्याची शक्यता चांगली असते, असे संशोधनातून दिसलेले आहे. आम्ही त्या खुणेपर्यंत पोहोचलो नव्हतो. केंद्राने ते स्पष्ट सांगितले, पुढील तीन आठवडे दोन-दोन भेटी ठेवल्या आणि नेमके कोठे अडते ते शोधले. ते अडत होते माझ्या आईपाशी. नातीचे रडणे तिला पाहवत नसे आणि ‘नको म्हणतेय तर बळजबरी कशाला’ म्हणत ती ताटातील अर्धे काढून घेत असे. तिचा यात दोष नव्हता; तिला कोणी बोलावलेच नव्हते. मूळ पद्धतीत भावंडांचा विचार आहे, पण आपल्या घरांत सकाळ-संध्याकाळ मुलांच्या ताटाशी आजी असते, हे केंद्राने दोन महिने लक्षात घेतले नाही, ही माझी पहिली तक्रार आहे. आजीला बोलावल्यानंतर बाईंनी तिला नातीच्या ईसीजीचा कागद दाखवला. त्या दिवसापासून माझी आई संध्याकाळच्या खाण्याची जबाबदारी स्वतः घेऊ लागली आणि आमच्यापैकी कोणापेक्षाही ती अधिक ठाम निघाली.

दुसरी तक्रार आहारतक्त्याविषयी आहे. छापील तक्त्यात ग्रॅनोला, ॲव्होकाडो आणि पीनट बटर होते; साताऱ्यात यातील निम्म्या वस्तू मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी आमच्या घरात त्या औषधासारख्याच दिसल्या असत्या. शेंगदाण्याचा लाडू, लोण्यासह थालीपीठ, मेतकूट-तूप-भात, शेवयांची खीर, साय न काढलेले दूध हे सर्व आम्ही स्वतः बसवले. आहारतज्ज्ञांनी ते लगेच मान्य केले, पण ते मुळातच तक्त्यात असायला हवे होते. त्याच आहारतज्ज्ञांनी एकदा मुलीसमोर कॅलरींचा हिशेब मांडला आणि त्यानंतरचे चार दिवस घरात हाहाकार झाला. मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याबद्दल आमच्याकडे दिलगिरी व्यक्त केली आणि पुढे आकडे फक्त आम्हाला कळवले जाऊ लागले.

दर तिसरी भेट ऑनलाइन होती आणि प्रवास वाचत असल्यामुळे ती सोयीची होती. मात्र घरच्या काट्यावर घेतलेल्या वजनावर विसंबू नये, कारण वजनापूर्वी तीन तांबे पाणी पिणे ही या आजारात नेहमीची युक्ती आहे. शनिवार-रविवारी केंद्राचा फोन बंद असतो आणि आमची सर्वांत कठीण जेवणे रविवारीच होत. एकदा तिने जीव नकोसा झाल्याचे म्हटले तेव्हा आम्ही शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन केला. पलीकडील व्यक्तीला या विकाराची खोल माहिती नव्हती, पण तिने रात्रभर काय काळजी घ्यायची ते नीट सांगितले.

खर्चाचे म्हणायचे तर एका भेटीचे २,००० रुपये, अशा २६ भेटी, त्याशिवाय गाडीचे पेट्रोल आणि टोल. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. त्यामुळे रुग्णालयातील नऊ दिवसांचा खर्च मिळाला, परंतु आमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारच नसल्याने केंद्राचा सर्व खर्च आम्हालाच करावा लागला. दोघांपैकी एकाची रजा आणि आठवड्याचा एक पूर्ण दिवस ज्या कुटुंबाला परवडणार नाही, त्या कुटुंबासाठी आज आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही, आणि ही गोष्ट मला फार लागते.

औषधांविषयी नातेवाईक नेहमी विचारतात. ॲनोरेक्सियासाठी खास म्हणून मान्यता मिळालेले एकही औषध आज नाही. आमच्या मुलीला पहिल्या टप्प्यात रात्री अल्प प्रमाणात ओलान्झापिन हे मनोविकारांवरील औषध दिले होते. वजनावर त्याचा परिणाम माफकच असतो, असे मानसोपचारतज्ज्ञांनी आधीच सांगितले होते. बुलिमियात (भरपूर खाऊन मग उलटी वगैरे करण्याच्या विकारात) फ्लुओक्सेटिन आणि अनावर खाण्याच्या विकारात लिसडेक्सॅम्फेटामिन यांना अमेरिकेत मान्यता आहे, पण ते वेगळे विकार आहेत. सायलोसायबिन या काही अळंब्यांत आढळणाऱ्या, भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याविषयीच्या बातम्याही आम्हाला पाठवल्या गेल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास अवघ्या दहा प्रौढ स्त्रियांचा होता आणि त्यावरून घरी काही ठरवावे असे त्यात काहीच नाही.

ही सेवा सर्वांसाठी नाही. नाडी फार मंद असेल, उभे राहिल्यावर घेरी येत असेल, अन्न जवळजवळ थांबले असेल, तर आधी रुग्णालयच हवे. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला घरी एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकते. प्रौढ रुग्णांसाठी ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेला, विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा वर्तन-बोधात्मक उपचार अधिक वापरला जातो. ज्या घरात मुलावर हात उगारला जातो, तेथे पालकांच्या हाती सगळा अधिकार देणारी ही पद्धत वापरू नये, असे मला वाटते.

सातव्या महिन्यात मुलगी वजनाच्या तिच्या स्वतःच्या जुन्या रेषेवर परतली. हे लक्ष्य केंद्राने सरसकट तक्त्यावरून न ठरवता तिच्या लहानपणापासूनच्या नोंदी मागवून ठरवले होते. लसीकरणाचे कार्ड आणि शाळेच्या आरोग्य तपासणीचे कागद जपून ठेवल्याचा असा उपयोग होईल, असे कधी वाटले नव्हते. नवव्या महिन्यात गोळीशिवाय पाळी आली. मन मात्र शरीराच्या मागून चालते. २०२२ च्या एका मोठ्या संयुक्त अभ्यासात या आजारात मेंदूचे बाह्य आवरण लक्षणीय पातळ झालेले दिसले आणि ज्यांचे वजन सावरत होते त्यांच्यात ही घट कमी आढळली. आम्ही तो मजकूर छापून फ्रिजवर लावला होता, तिच्यासाठी नव्हे, आमच्यासाठी. बोस्टनमध्ये रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात नऊ वर्षांनी ॲनोरेक्सियाच्या सुमारे ३१ टक्के रुग्ण बरे झालेले होते, पण २२ वर्षांनी हे प्रमाण जवळजवळ ६३ टक्के होते. अर्थात, वेळ लागतो आणि उशिराही लोक बरे होतात.

ती अजून पंगतीत बसत नाही. पुड्यावरचे बारीक अक्षर अजून वाचते. पण गेल्या महिन्यात मैत्रिणींबरोबर तिने कंदी पेढा खाल्ला आणि आम्हाला ते तिच्याकडून नव्हे, मैत्रिणीच्या आईकडून कळले. आता दर तीन महिन्यांनी भेट असते. वजन झाल्यावर ती एकटीच आत जाते, चाळीस मिनिटे बोलते, आणि आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसतो.